खदिजा ‘बनी’ शॉ : जमैकाच्या स्ट्रायकरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खदिजा शॉ कोण आहे?

जमैकाच्या महिला फुटबॉल संघाची स्ट्रायकर आणि इंग्लंडमधल्या मँचेस्टर सिटी क्लबची गोल करणारी यंत्रणा. जन्म ३१ जानेवारी १९९७, गाव स्पॅनिश टाउन. जमैकासाठी ११ नंबरची जर्सी, सिटीसाठी २१ नंबरची. आपल्या देशाकडून तिच्याइतके गोल आजवर कुणीच केलेले नाहीत, आणि या ‘कुणीच’मध्ये पुरुषही आले. फ्रान्सच्या लीगमध्ये ती एकदा सर्वाधिक गोल करणारी खेळाडू ठरली, इंग्लंडच्या लीगमध्ये २०२५ पर्यंत दोनदा.

एवढ्या माहितीत तिची ओळख पुरी होते, पण तिची गोष्ट पुरी होत नाही. ती अशा संघाची खेळाडू आहे, जो तिच्या आयुष्यात दोनदा बंद पडला होता. म्हणून पुढच्या उत्तरांत तिच्या गोलांइतकंच त्या संघाबद्दलही लिहिलं आहे. एकाशिवाय दुसरं समजत नाही.

तिला ‘बनी’ का म्हणतात?

लहानपणी तिला गाजरं फार आवडायची, म्हणून भावानं तिला ससा म्हणायला सुरुवात केली. ‘बनी’ म्हणजे ससुला. घरातलं हे लाडाचं नाव तिला इतकं चिकटलं, की आज इंग्लंडमधले समालोचकही तिला सर्रास ‘बनी शॉ’ म्हणतात. आकारानं मात्र ती सशासारखी अजिबात नाही. सहा फुटांच्या जवळपास उंची आणि तशीच दणकट शरीरयष्टी. तिला पाठीवर घेऊन उभं राहायचं म्हटलं की भल्याभल्या बचावपटूंची दमछाक होते.

तिचं बालपण कुठं गेलं?

स्पॅनिश टाउन हे राजधानी किंग्स्टनच्या पश्चिमेला असलेलं जुनं शहर. १८७२ पर्यंत जमैकाची राजधानी तीच होती. आज मात्र ते नाव बातम्यांत येतं ते बहुतेक वेळा टोळीयुद्ध आणि गोळीबारामुळे. खदिजा तिथंच वाढली, तेरा भावंडांमधली सर्वांत धाकटी. वडील बूट-चपला बनवायचे, आई कोंबड्या पाळायची.

फुटबॉल तिनं भावांकडून उचलला. गल्लीत, मातीत, मुलांच्या घोळक्यात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांशी खांद्याला खांदा लावून चेंडू राखायला शिकलेली मुलगी पुढे व्यावसायिक बचावपटूंना का घाबरत नाही, याचं उत्तर मला वाटतं त्या गल्लीत आहे. चौदाव्या वर्षी ती जमैकाच्या १५, १७ आणि २० वर्षांखालील अशा तीन वयोगटांच्या संघांत खेळत होती. वयाच्या अठराव्या वर्षी, २०१५ मध्ये, मुख्य संघात आली.

जमैका म्हणजे धावपटूंचा देश. तिथं मुली फुटबॉल खेळतात का?

खेळतात, पण फार काळ त्यांना कुणी विचारत नव्हतं.

जमैकात शालेय खेळ हा केवढा मोठा सोहळा असतो, हे बाहेरच्यांना चटकन कळत नाही. ‘चॅम्प्स’ नावाची शाळाशाळांमधली ॲथलेटिक्स स्पर्धा १९१० पासून चालत आली आहे. किंग्स्टनचं राष्ट्रीय स्टेडियम त्या दिवसांत भरून वाहतं आणि शाळेच्या रंगांचे झेंडे घेऊन आजी-आजोबाही येतात. उसेन बोल्टही त्याच मैदानातून पुढे आला. मुलांच्या फुटबॉललाही तसंच वलय आहे. किंग्स्टन परिसरातल्या शाळांचा मॅनिंग कप आणि ग्रामीण भागातल्या शाळांचा दाकोस्टा कप यांच्या बातम्या वर्तमानपत्रं पानभर छापतात. मुलींसाठी ठरलेल्या वाटा दोन : धावणं किंवा नेटबॉल. नेटबॉलचा राष्ट्रीय संघ, ‘सनशाइन गर्ल्स’, जगात वरच्या क्रमांकांत असतो. मुलींच्या फुटबॉलला ना असा मॅनिंग कप होता, ना पानभर बातमी.

म्हणजे गुणवत्ता नव्हती असं नाही. ती गुणवत्ता हेरायची, खेळवायची आणि वाढवायची व्यवस्था मुलींच्या वाट्याला आलीच नव्हती.

आपल्याकडच्या वाचकांना जमैका आठवतो तो क्रिकेटमुळे. १९७१ च्या दौऱ्यात किंग्स्टनच्या सबाइना पार्कवर मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा ठोकल्या, ती कसोटी आमच्या घरात आजोबांच्या तोंडून अनेकदा ऐकली होती. स्पॅनिश टाउन त्या मैदानापासून मोटारीनं तासाभराचंही अंतर नाही.

‘रेगे गर्ल्झ’ म्हणजे काय?

जमैकाच्या महिला संघाचं लाडकं नाव. पुरुषांचा संघ ‘रेगे बॉइझ’. त्या पुरुष संघानं १९९८ मध्ये फ्रान्सच्या वर्ल्ड कपला पोहोचून देशाला वेड लावलं होतं. बायकांच्या संघाला तिथवर जायला आणखी एकवीस वर्षं लागली.

संघ बंद पडला होता असं वाचलं. खरं आहे का?

खरं आहे. २०१० च्या सुमारास पैशांअभावी जमैकाच्या फेडरेशननं महिला संघाचा कार्यक्रम गुंडाळला. सराव नाही, सामने नाहीत. बराच काळ सामनाच न खेळणाऱ्या देशाचं नाव फिफाच्या क्रमवारीतून गळतं, तशी पाळी या संघावर आली.

२०१४ मध्ये बॉब मार्ली यांची कन्या सेडेला मार्ली पुढे आल्या. त्यांच्या मुलाच्या शाळेतून एक चिठ्ठी घरी आली होती : राष्ट्रीय महिला संघासाठी पैसे जमवायला मदत करा. चिठ्ठी वाचून त्यांनी फेडरेशनला फोन लावला, संघाच्या सदिच्छादूत झाल्या, निधी उभारला, त्यासाठी भावांना सोबत घेऊन गाणंही काढलं. संघ पुन्हा उभा राहिला. २०१५ चा वर्ल्ड कप हुकला, त्यानंतर पुढच्या ऑलिंपिकची पात्रताही हुकली आणि पैसा परत आटला. मार्ली यांनी पुन्हा जोर लावला. प्रशिक्षक ह्यू मेंझीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर बिनपगारी काम केलं.

खदिजा मुख्य संघात आली ती नेमकी याच काळात. एखादी मुलगी अठराव्या वर्षी देशाच्या संघात निवडली जाते आणि पुढच्या वर्षी तो संघ असेल की नाही, हेच तिला ठाऊक नसतं. तिचे त्या वेळचे गोल मोजताना हे विसरू नये.

ती अमेरिकेत कशी गेली?

शिष्यवृत्तीवर. जमैकातल्या खेळाडूंसाठी ही मळलेली वाट आहे : अमेरिकेतलं एखादं कॉलेज खेळाच्या बदल्यात शिक्षणाचा खर्च उचलतं. खदिजा आधी फ्लोरिडातल्या ईस्टर्न फ्लोरिडा स्टेट कॉलेजमध्ये गेली. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, टेनेसी विद्यापीठात. २०१८ मध्ये त्या विभागातल्या विद्यापीठांच्या लीगनं तिला वर्षातली सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरवलं. पदवीही तिनं तिथूनच घेतली.

तिच्या भावांबद्दल जे सांगितलं जातं ते खरं आहे का?

हो. आणि ते सांगताना आवाज खाली येतो.

तिचे चार भाऊ गेले. तिघे टोळ्यांच्या हिंसाचारात, चौथा रस्त्यावरच्या अपघातात. दोन भाचे-पुतणेही गेले, एक गोळीबारात आणि एक विजेचा धक्का लागून. यातले बरेच आघात तिच्यावर झाले ते ती घरापासून दूर, कॉलेजात असताना. परक्या देशात, परीक्षा आणि सामन्यांच्या मध्ये, फोनवरून कळलेल्या बातम्या.

ती स्वतः याबद्दल मुलाखतींतून बोलली आहे, म्हणूनच इथं लिहितो आहे. मात्र तिच्या कारकिर्दीवर लिहिताना अनेक जण या मृत्यूंचा उपयोग मसाल्यासारखा करतात : दुःख जितकं मोठं, तितका गोल गोड. मला ते पटत नाही. भाऊ गेल्यामुळे कुणी चांगली स्ट्रायकर होत नाही. ती चांगली स्ट्रायकर होतीच. सामान बांधून घरी परत जावं असं वाटायला लावणारं एवढं सारं घडूनही ती राहिली, शिकली आणि खेळली. हे तिचं कर्तृत्व आहे, नियतीचं नव्हे.

२०१८ मध्ये नेमकं काय झालं?

या पानावरचं सर्वांत लांब उत्तर हेच आहे, कारण तो दिवस तसाच होता.

फ्रान्समध्ये होणाऱ्या २०१९ च्या वर्ल्ड कपसाठी उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन विभागाची पात्रता स्पर्धा ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेत झाली. थेट जागा तीन. अमेरिका आणि कॅनडा यांच्यासाठी दोन जागा जवळजवळ राखीवच, म्हणजे उरलेल्या एका जागेसाठी बाकीच्यांची मारामारी. जमैका कॅनडाकडून ०–२ हरला, कोस्टा रिकाला १–० नं नमवलं, क्युबावर नऊ गोल चढवले. उपांत्य सामन्यात अमेरिकेनं ६–० असा धुव्वा उडवला. उरला तिसऱ्या क्रमांकाचा सामना, पनामाशी, १७ ऑक्टोबरला टेक्सासमधल्या फ्रिस्को गावी. जिंकणारा फ्रान्सला जाणार होता.

चौदाव्या मिनिटाला खदिजानं गोल केला. जमैकानं ती आघाडी बराच वेळ जपली, पण दुसऱ्या सत्रात पनामानं बरोबरी साधली. जादा वेळेत सोळा वर्षांच्या जोडी ब्राउननं पुन्हा आघाडी मिळवून दिली. पनामानं पुन्हा बरोबरी केली. २–२. आता पेनल्टी.

इथं मेंझीस यांनी एक धाडसी निर्णय घेतला. सामना संपत आलेला असताना त्यांनी गोलकीपर बदलली आणि निकोल मॅक्लुअरला केवळ पेनल्टी अडवण्यासाठी मैदानात उतरवलं. तिनं दोन अडवल्या. शेवटची पेनल्टी डॉमिनिक बाँड-फ्लासानं जाळ्यात मारली आणि ४–२ नं जमैका वर्ल्ड कपमध्ये गेला. महिलांच्या वर्ल्ड कपला पात्र ठरलेला हा पहिला कॅरिबियन देश.

त्या संपूर्ण पात्रता मोहिमेत खदिजा गोलांचा रतीब घालत होती. वर्ष संपताना ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ वृत्तपत्रानं तिला २०१८ ची ‘फुटबॉलर ऑफ द इयर’ म्हणून निवडलं. हा मान सर्वाधिक गोल किंवा करंडक पाहून दिला जात नाही, तर अडचणींशी झगडून काही विलक्षण करणाऱ्या खेळाडूला दिला जातो. ती तेव्हा कॉलेजची विद्यार्थिनी होती. व्यावसायिक करार अजून व्हायचा होता.

मग २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये काय कमावलं? तिन्ही सामने तर हरले.

हरले, आणि सपाटून हरले. ब्राझीलकडून ०–३, इटलीकडून ०–५, ऑस्ट्रेलियाकडून १–४. ऑस्ट्रेलियाचे चारही गोल सॅम करचे होते. त्या शेवटच्या सामन्यात जमैकाचा वर्ल्ड कपमधला पहिलावहिला गोल झाला, पण तो खदिजाचा नव्हता. हवाना सोलोन राखीव खेळाडू म्हणून मैदानात आली आणि तिनं तो केला.

खदिजाच्या नावावर त्या स्पर्धेत एकही गोल नाही. मागून चेंडू येईचना, तर पुढची करणार काय? त्या तीन सामन्यांत ती मैदानाच्या पुढच्या टोकाला एकटी पडलेली दिसते. संघाला वर्ल्ड कपला पोहोचायला एक स्ट्रायकर पुरली होती, तिथं टिकायला ती पुरणार नव्हती.

फ्रान्समध्ये ती कुठल्या क्लबकडून खेळली?

बोर्दो. २०१९ च्या वर्ल्ड कपनंतर लगेच गेली आणि दोन हंगाम राहिली. २०२०–२१ मध्ये तिनं फ्रेंच लीगमध्ये २२ गोल केले आणि पॅरिसच्या मारी-आंत्वानेत कातोतोला मागे टाकून सर्वाधिक गोलांचा मान पटकावला. ज्या लीगमध्ये ल्योन आणि पॅरिस सेंट-जर्मेन यांच्यापुढे इतरांना श्वास घ्यायला जागा नसते, तिथं तिसऱ्या क्रमांकाच्या क्लबची खेळाडू पहिली आली. त्या तिसऱ्या क्रमांकामुळेच बोर्दोला चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, पात्रता फेरीत जाता आलं.

मँचेस्टर सिटीत ती कधी आली?

२०२१ च्या उन्हाळ्यात.

तिथं तिनं काय केलं?

पहिल्या हंगामात तिला जम बसवायला वेळ लागला. एलेन व्हाइटसारखी अनुभवी स्ट्रायकर आधीच संघात होती. त्याच हंगामात, मार्च २०२२ मध्ये, सिटीनं चेल्सीला ३–१ नं हरवून लीग कप जिंकला. व्हाइट निवृत्त झाल्यावर पुढची फळी खदिजाच्या हाती आली आणि मग तिला थांबवणं अवघड झालं.

२०२२–२३ मध्ये लीगमध्ये २० गोल, ॲस्टन व्हिलाच्या रेचल डेलीपेक्षा दोन कमी. २०२३–२४ मध्ये १८ सामन्यांत २१ गोल आणि गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा मान. त्याच हंगामात, जानेवारी २०२४ मध्ये, तिनं जॉर्जिया स्टॅनवेला मागे टाकलं आणि सिटीच्या महिला संघाच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारी खेळाडू झाली. अडीच हंगामांत! हंगाम सरल्यावर फुटबॉल लेखकांच्या संघटनेनं तिला वर्षातली सर्वोत्तम खेळाडू निवडलं आणि तोच मान खेळाडूंच्या संघटनेनंही दिला. दुसरा मान अधिक मोलाचा वाटतो, कारण तिथं मतदान करतात त्या तिच्याविरुद्ध खेळून अंगावर ओरखडे घेतलेल्या मुली.

२०२४–२५ मध्ये दुखापतींनी तिला बराच काळ बाहेर ठेवलं, तरी १२ गोल करून तिनं आर्सेनलच्या अलेसिया रुसोबरोबर गोल्डन बूट वाटून घेतला.

२१ गोल करूनही २०२३–२४ मध्ये सिटीला लीग का जिंकता आली नाही?

थोडक्यात सांगायचं तर गोलफरकानं, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांमधल्या फरकानं. सिटी आणि चेल्सी, दोघांचे ५५ गुण. चेल्सीनं अखेरच्या दिवशी मँचेस्टर युनायटेडला ६–० नं हरवलं आणि करंडक नेला.

पण खरं उत्तर एप्रिलच्या अखेरीला आहे. खदिजाच्या पायाला दुखापत झाली आणि उरलेला हंगाम ती बाहेर बसली. त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात सिटी घरच्या मैदानावर आर्सेनलविरुद्ध ८९ व्या मिनिटापर्यंत १–० नं पुढे होती आणि १–२ नं हरली. स्टीना ब्लॅकस्टेनियसनं शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल केले. शेवटच्या दहा मिनिटांत चेंडू पुढे कुणाकडे तरी टाकायचा आणि तिनं तो अंगावर झेलून वेळ काढायचा, हे काम करणारी सिटीकडे एकच होती, आणि ती स्टँडमध्ये बसली होती. हे माझं मत. पण तो सामना पाहिला असेल, तर तुम्हालाही ते पटावं.

तिच्या खेळात इतकं विशेष काय आहे?

बहुतेक जण उंची आणि ताकद सांगतात. त्यात खोटं काही नाही, पण कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वाट्याला येणारं हे नेहमीचं, आळशी कौतुक आहे. जणू डोकं त्यांनी वापरलंच नाही.

तिची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे क्रॉस, म्हणजे कडेनं गोलसमोर टाकलेला चेंडू, येण्याआधीची तिची दोन पावलं. डावीकडून सिटीतली तिची सहकारी लॉरेन हेम्प चेंडू घेऊन धावते, सगळ्यांच्या नजरा हेम्पवर. त्या क्षणी खदिजा बचावपटूच्या पाठीमागे, तिच्या नजरेआड सरकते. थांबते. बचावपटू वळून तिला शोधते आणि तोवर ती पुढून निघून गेलेली असते. हेडर सोपा दिसतो, कारण अवघड काम आधीच उरकलेलं असतं. गोलकडे पाठ असताना ती एका पायावर चेंडू थोपवून दुसऱ्यानं वळते, आणि दोन्ही पायांनी सारख्याच आत्मविश्वासानं मारते. शिवाय तिचं खाली येऊन खेळणं पाहण्यासारखं आहे. मधल्या फळीत उतरून, एका स्पर्शात चेंडू बाजूला सोडून पुन्हा गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्सकडे धावते.

एकच सामना पाहायचा असेल, तर ऑक्टोबर २०२४ मधला चॅम्पियन्स लीगचा बार्सेलोनाविरुद्धचा पाहा. गतविजेत्या बार्सेलोनाला सिटीनं २–० नं हरवलं. पहिला गोल नेओमी लेझेलचा, दुसरा खदिजाचा.

२०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये तिला लाल कार्ड मिळालं होतं ना?

हो, आणि त्यातूनच जमैकाच्या फुटबॉलमधला सर्वांत सुंदर आठवडा सुरू झाला.

सिडनीत पहिला सामना फ्रान्सशी. जमैकाची क्रमवारी ४३. बेकी स्पेन्सर गोलमध्ये, अ‍ॅलिसन आणि शँटेल या स्वॅबी भगिनी बचावात. सगळ्यांनी मिळून फ्रान्सला रोखून धरलं. इंज्युरी टाइममध्ये कर्णधार खदिजाला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि ती बाहेर गेली. सामना ०–० सुटला, वर्ल्ड कपमधला जमैकाचा पहिला गुण. ती रडतच मैदानाबाहेर गेली असेल, तर नवल नाही, कारण पनामाविरुद्धचा पुढचा सामना तिला खेळता येणार नव्हता, आणि तोच जिंकण्याजोगा होता.

पर्थमध्ये तिच्याविना संघ उतरला. ५६ व्या मिनिटाला कॉर्नरवर अ‍ॅलिसन स्वॅबीनं हेडर मारला. १–०. वर्ल्ड कपमधला पहिला विजय. २०१९ मध्ये खदिजा मैदानात असूनही जो संघ कोलमडला होता, तो चार वर्षांनी ती स्टँडमध्ये असताना जिंकला. तिच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा क्षण कोणता, असं कुणी विचारलं तर मी हाच सामना सांगतो, जरी ती त्यात खेळली नाही. एवढी वर्षं तिच्या गोलांनी संघाला जिवंत ठेवलं, ते अशा दिवसासाठीच.

मग मेलबर्नमध्ये ब्राझील. जमैकाला बरोबरी पुरेशी होती, ब्राझीलला जिंकावंच लागणार होतं. ०–०. ब्राझील घरी, त्यांची दिग्गज खेळाडू मार्ता हिचा तो वर्ल्ड कपमधला अखेरचा सामना, आणि जमैका बाद फेरीत. तीन सामन्यांत एकही गोल न खाता. प्रशिक्षक लॉर्न डोनल्डसन यांनी ज्या शिस्तीनं तो बचाव बांधला होता, त्याचं कौतुक त्या काळात कमीच झालं. बाद फेरीत कोलंबियाच्या कातालिना उस्मेनं केलेला एकमेव गोल जमैकाला घरी पाठवायला पुरला.

संघातल्या बऱ्याच मुली जमैकाबाहेर जन्मलेल्या आहेत. मग हा संघ ‘जमैकाचा’ कसा?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी जमैकाच्या घरांचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडन, बर्मिंगहॅमला गेलेली कुटुंबं. न्यूयॉर्क, टोरोंटो, फ्लोरिडात स्थिरावलेले नातेवाईक. आणि सणासुदीला गावी येणाऱ्या मावश्या. ड्र्यू स्पेन्स आणि बेकी स्पेन्सर लंडनच्या, स्वॅबी भगिनी अमेरिकेतल्या. आजीच्या हातचं खाऊन, आजीची बोली ऐकून वाढलेल्या मुली आजीच्या देशाकडून खेळतात, त्यात परकं काय आहे?

खदिजा, जोडी ब्राउन, ट्रुडी कार्टर यांच्यासारख्या बेटावरच वाढलेल्या मुलींचं महत्त्व मात्र वेगळं आहे. त्यांच्याकडे पाहून स्पॅनिश टाउनमधल्या मुलीला वाटतं, की ही वाट आपल्या गल्लीतूनही निघते.

फेडरेशनशी काय वाद होता?

२०२३ च्या वर्ल्ड कपला महिनाभर उरला असताना खेळाडूंनी खुलं पत्र प्रसिद्ध केलं. म्हणणं साधं होतं : नियोजन, प्रवास, राहण्याची सोय, सराव, आहार, मानधन, सगळ्यातच कुचराई होते आहे, अपुऱ्या तयारीमुळे सराव सामने रद्द होत आहेत. खदिजानंही ते पत्र आपल्या नावानं लोकांपुढे ठेवलं. एका खेळाडूच्या आईनं इंटरनेटवर लोकवर्गणी सुरू केली. वर्ल्ड कप खेळणाऱ्या राष्ट्रीय संघासाठी लोकवर्गणी!

स्पर्धेनंतरही प्रश्न सुटला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मानधन आणि वागणुकीच्या मुद्द्यावर प्रमुख खेळाडूंनी राष्ट्रीय संघाचे सामने खेळायला नकार दिला. २०२४ च्या महिला गोल्ड कपमध्ये जमैका दिसला नाही. वर्ल्ड कपच्या शेवटच्या सोळांत पोहोचलेला संघ काही महिन्यांत आपल्याच विभागातल्या स्पर्धेतून गायब. काही जणांनी मुलींना हट्टी ठरवलं. दोनदा बंद पडलेला संघ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मिळालेल्या आश्वासनांवर विसंबून राहा असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

ती ऑलिंपिकमध्ये खेळली आहे का?

नाही. २०२२ च्या विभागीय स्पर्धेत जमैकानं यजमान मेक्सिकोला १–० नं हरवलं (गोल खदिजाचा) आणि तिसरा क्रमांक मिळवला. त्यामुळे पॅरिस ऑलिंपिकसाठी कॅनडाशी दोन सामन्यांची लढत मिळाली. सप्टेंबर २०२३ मध्ये किंग्स्टनला ०–२ आणि टोरोंटोला १–२ अशी हार झाली.

जमैकासाठी तिनं किती गोल केले आहेत?

पन्नासाहून अधिक. पुरुष संघाचा विक्रम ल्युटन शेल्टन यांचा, ३५ गोलांचा. म्हणजे हा फरक दोन-चार गोलांचा नाही.

सोशल मीडियावर तिला शिवीगाळ झाली होती का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या लीग सामन्यानंतर तिला वंशद्वेषी आणि बाई म्हणून हिणवणारे संदेश पाठवले गेले. क्लबनं ते जाहीरपणे सांगितलं, संबंधित यंत्रणांकडे तक्रार केली, आणि खदिजानं लगेच पुढच्या सामन्यातून माघार घेतली. ‘असल्या गोष्टींकडे दुर्लक्ष करून खेळायला हवं होतं’ असं म्हणणारे तेव्हाही भेटले. तिनं आयुष्यात किती गोष्टींकडे दुर्लक्ष करून खेळ केला आहे, ते वर वाचलंच आहे. एक संध्याकाळ तिनं स्वतःसाठी ठेवली, तर तो तिचा हक्क आहे.

आपल्याकडच्या चाहत्यांना ती कशी ठाऊक झाली?

बऱ्याच जणांना क्लबमुळे. मँचेस्टर सिटीच्या मालक समूहानं २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीचा बहुतांश हिस्सा विकत घेतला होता. अंधेरीच्या मैदानात आकाशी निळी जर्सी घालून जाणारी पोरं तेव्हापासून मँचेस्टरचे सामनेही आवर्जून बघू लागली, आणि पुरुषांचे बघता बघता महिलांच्या सामन्यांकडेही वळली. २०२२ मध्ये मुलींचा १७ वर्षांखालील वर्ल्ड कप नवी मुंबई, मडगाव आणि भुवनेश्वर इथं झाला, त्यानंही हा रस वाढवला.

माझ्या ओळखीतली एक बारा वर्षांची मुलगी शाळेच्या मैदानावर मुलांमध्ये खेळते. तिला मी पर्थच्या सामन्याचा शेवट दाखवला. शिट्टी वाजल्यावर जमैकाच्या मुली एकमेकींवर कोसळतात. तिनं सगळ्यांत आधी विचारलं, “यात बनी कुठे आहे?” मी म्हटलं, ती आज खेळली नाही. तिनं व्हिडिओ मागे नेला आणि सगळा सामना पहिल्यापासून बघायला बसली.